स्मृतीपासून सजगतेपर्यंत : सावित्रीच्या खोऱ्यातून मनाकडे पाहताना

१

मराठीत मनाच्या अस्वस्थतेसाठी शब्दांची वाण नाही. चिंता वाहिली जाते, घोर लागतो, धास्ती बसते, विवंचना पडते. या सगळ्या शब्दांत 'काळजी' हा एकच शब्द असा आहे की त्याच्यापुढे क्रियापद बदलले की त्याचा अर्थच पालटतो. 'काळजी करू नकोस' असे म्हणताना आपण समोरच्याला एक ओझे उतरवून ठेवायला सांगतो. 'काळजी घे' असे म्हणताना तेच ओझे नीट सांभाळायला सांगतो. भाषेने ही दोन कामे एकाच शब्दाकडे का सोपवली असावीत, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

निमित्त आहे ते मोबाइलवरच्या ध्यान-ॲपचे. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये 'हेडस्पेस'ची सुरुवात झाली, आणि त्यानंतरच्या दशकात या प्रकारची असंख्य ॲप्स बाजारात आली. आज आमच्या वर्गातले विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री ती वापरतात, त्यांचे पालक वापरतात, आणि आम्ही अध्यापकही वापरतो. कृती सोपी असते. कानात एक संथ आवाज येतो. डोळे मिटायला, श्वासाकडे लक्ष द्यायला आणि विचार आलाच तर त्याच्यामागे न जाता पुन्हा श्वासाकडे यायला तो सांगतो. दहा मिनिटांनी एक घंटा वाजते. पुष्कळांना त्याने बरे वाटते, आणि या बरे वाटण्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

आम्हांला विचारायचे आहे ते वेगळे. मनाला उद्देशून बोलणारा हा आवाज कोठून आला? इथवर येताना त्याने वाटेत काय टाकून दिले? या प्रश्नांसाठी आम्ही महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातले दोन तालुके निवडले आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाणाऱ्या सावित्री नदीच्या या खोऱ्यात, फार मोठ्या नसलेल्या परिघात, मनाच्या इतिहासाची तीन ठाणी आहेत : गांधारपाले येथील बौद्ध लेणी, शिवथरघळ आणि चवदार तळे. चौथी गोष्ट म्हणजे खुद्द नदी. या चौघांच्या साक्षीने ॲपचा तो आवाज ऐकला तर तो कसा ऐकू येतो, हे पाहावयाचे आहे.

२

ॲपच्या जाहिरातींत 'माइंडफुलनेस' हा शब्द हमखास असतो. मराठीत त्यासाठी अलीकडे 'सजगता' हा प्रतिशब्द रूढ होत आहे. हा इंग्रजी शब्द बौद्ध विचारात आणला तो टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी. सिलोनमध्ये नोकरी केलेल्या आणि तिथेच पाली शिकलेल्या या विद्वानाने १८८१ मध्ये काही बौद्ध सुत्तांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्यात 'सति' या पाली शब्दासाठी 'माइंडफुलनेस' योजला. पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. त्याचा पहिला अर्थ आठवण.

हा तपशील केवळ व्युत्पत्तीच्या हौसेचा नाही. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला सतीचे लक्षण विचारतो, तेव्हा नागसेन राजाच्या खजिनदाराचा दाखला देतो. खजिनदार सकाळ-संध्याकाळ राजाला आठवण करून देतो की तुझ्याकडे इतके हत्ती आहेत, इतके घोडे आहेत, इतके सोने आहे. सति मनाला तशीच आठवण करून देते : हे हितकर, हे अहितकर. अंगुत्तर निकायात दुसरा एक दाखला येतो, सीमेवरच्या नगराच्या द्वारपालाचा. हा द्वारपाल अनोळखी माणसाला अडवतो आणि ओळखीच्याला आत घेतो. आता, ओळखायचे तर आधीचे चेहरे लक्षात असावे लागतात. स्मरणाशिवाय पहारा देता येत नाही, हा या दोन्ही दाखल्यांचा मथितार्थ आहे. वर्तमान क्षणाकडे लक्ष देणे हे सतीचे काम आहेच. पण ते लक्ष मागचे हिशेब पुसून टाकणारे नाही.

मराठीने हा अर्थ जपला होता, याची नोंद घ्यायला हवी. अष्टांगिक मार्गातले सातवे अंग मराठीत 'सम्यक् स्मृती' म्हणूनच ओळखले जाते. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी सिलोन आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली व बौद्ध धर्म यांचे अध्ययन केले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि मराठीत बुद्धचरित्र लिहिले. त्यांच्यापासून आजच्या बुद्धविहारांपर्यंत हा शब्द चालत आला आहे. म्हणजे एकच मूळ शब्द आमच्याकडे दोन वाटांनी पोचला : पालीतून थेट 'स्मृती' म्हणून, आणि इंग्रजीचा वळसा घेऊन 'सजगता' म्हणून. दुसऱ्या वाटेने येताना आठवण गळाली.

महाड शहराला लागूनच, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात, गांधारपाल्याची सुमारे ३० लेणी आहेत. विष्णुपालित नावाच्या कुमाराचा उल्लेख असलेला शिलालेख तिथे आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ही लेणी कोरली जाऊ लागली. विहारातल्या लहान खोल्या आणि दगडी ओटे पाहिले की एकान्ताची कल्पना मनात येते, आणि ती खोटी नाही. परंतु विहार ही मुळात सोबतीने राहण्याची जागा होती. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एके ठिकाणी राहावे असा वर्षावासाचा नियम आहे. वर्षावासाच्या शेवटी पवारणेचा विधी होतो. त्यात प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला वा संशयिला असेल तर सांगा. एकट्याने मनाकडे पाहिल्यावर ते पाहणे इतरांकडून तपासून घेण्याची ही व्यवस्था होती. खाली नदी दुथडी भरलेली आणि वर डोंगरात माणसे एकमेकांच्या साक्षीने मनाचा अभ्यास करीत बसलेली, असे चित्र या लेण्यांच्या संदर्भात डोळ्यांसमोर आणायला हवे.

३

महाड तालुक्यातच, वरंध घाटाच्या पायथ्याच्या बाजूला, शिवथरघळ आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो. समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) दासबोध येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या स्थळाचा शोध घेतला, आणि तेव्हापासून ही घळ दासबोधाचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित झाली.

चिंतेचा विचार करताना दासबोधाचे तिसरे दशक पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्याच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या समासांत अनुक्रमे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक या तीन तापांचे निरूपण आहे. ही वर्गवारी समर्थांची स्वतःची नाही. ती भारतीय दर्शनांत जुनी आहे. समर्थांनी तिच्यात प्रपंचातले तपशील भरले, आणि ते वाचताना एखाद्या वैद्याची वा कारभाऱ्याची यादी वाचल्यासारखे वाटते. देह आणि मन यांतून जे उपजते ते आध्यात्मिक. त्यात असंख्य रोग येतात, तसेच मनाचे क्लेशही येतात. बाहेरच्या भूतमात्रांपासून जे सोसावे लागते ते आधिभौतिक. त्यात पायात मोडणाऱ्या काट्यापासून चोरापर्यंत सारे काही येते. मरणोत्तर यातना हा तिसरा ताप.

आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते हे ताप वेगवेगळे मोजण्याला. १६३०–३२ चा दख्खनचा भीषण दुष्काळ रामदासांच्या ऐन तारुण्यात पडला, आणि त्यानंतरची त्यांची वर्षे देशाटनात गेली. अस्मानी आणि सुलतानी या दोन्ही आपत्ती पाहिलेला हा माणूस 'दुःख मनात असते' एवढे सांगून थांबत नाही. काटा रुतला तर तो काटाच आहे, हे तो आधी मान्य करतो. वैराग्याचा उपदेश त्यानंतर येतो.

मनाला उद्देशून बोलण्याचा प्रकार मराठीत किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगण्याची गरज नाही. तुकारामांच्या अभंगांत मनाशी भांडण आहे आणि समेटही आहे. बहिणाबाई चौधरींची मनावरची कविता तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या परंपरेत भुजंगप्रयात वृत्तातील २०५ 'मनाचे श्लोक' हा सर्वांत सुघटित प्रयत्न आहे. त्यांच्याविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. समर्थ संप्रदायात हे श्लोक भिक्षेच्या वेळी दारोदारी म्हणण्याची प्रथा होती. बोलणारा आपल्या मनाला समजावतो आहे, पण उभा आहे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर, आणि आवाज चढा आहे. आतल्या घरात चुलीपुढे बसलेली बाई ते ऐकते आणि तो उपदेश आपल्या मनालाही लावून घेते. 'मना' या संबोधनात म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही सामावतात. संबोधन एकवचनी असले तरी त्याचा व्यवहार सामुदायिक आहे.

हा सामुदायिक व्यवहार रायगडात आजही चालू आहे. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या ज्या श्रीबैठका सुरू केल्या, त्यांचा विस्तार पुढे महाराष्ट्रभर झाला आणि बाहेरही झाला. आठवड्यातून ठरल्या दिवशी एकत्र बसायचे आणि ऐकायचे, एवढेच त्यांचे स्वरूप. कोकणातल्या गावांतले हरिनाम सप्ताह आणि पारायणे यांची जातकुळीही हीच. कारखान्यात पाळी करणारा किंवा मुंबईत एका खोलीत दिवस काढणारा चाकरमानी अशा जागी जातो, तेव्हा निरूपणातला वेदान्त त्याला किती समजतो हा प्रश्न गौण ठरतो. गेल्या आठवड्यात तो आला नव्हता हे शेजारच्याच्या लक्षात असते. ही आठवण हेच तिथले औषध असते.

समूहाचे गोडवे गाताना मात्र सावध असले पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा शासकीय समारंभ भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ श्रीसदस्यांचे प्राण गेले. एकत्र जमणे म्हणजे आपोआप काळजी घेतली जाणे नव्हे. मनाला शिस्त लावण्यासाठी जमलेल्या माणसांच्या देहाचीही काळजी कोणीतरी वाहावी लागते. आधिभौतिक ताप वेगळा मोजायचा तो याचसाठी.

४

तिसरे ठाणे चवदार तळे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, आणि महाड नगरपालिकेने आपले तळे त्यानुसार खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तिथे कोणी पाणी भरू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो स्त्रीपुरुष तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर काही वेळातच, हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत अशी अफवा शहरात उठली, आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर हल्ले झाले. मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले.

त्या दिवशी तळ्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या छातीत जी धडधड झाली असेल तिला काय म्हणायचे? लक्षणे पाहिली तर ती चिंताच. पण तिचे कारण त्याच्या विचारांच्या सवयीत नव्हते. ते पायऱ्यांवर होते, आळीत होते, शास्त्रात होते. श्वासाकडे लक्ष देऊन ती धडधड कदाचित कमी झाली असती. तळे मात्र खुले झाले नसते.

हा मुद्दा बाबासाहेबांनी पुढे बुद्धचरित्रातच नेला, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो कथनतंत्राच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा त्यांनी नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला प्रथमच दुःखाचा बोध झाला, हे त्यांना पटण्यासारखे वाटले नाही. त्यांच्या कथनात संघर्ष आहे तो शाक्य आणि कोलिय यांच्यातला, रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला. सिद्धार्थ शाक्यांच्या संघात युद्धाला विरोध करतो, त्याचा ठराव पडतो, आणि तो परिव्रज्या पत्करतो. दुःखाचा बोध एका राजपुत्राच्या एकान्तातल्या हुरहुरीतून होण्याऐवजी पाण्याच्या तंट्यातून आणि सभेतल्या मतदानातून होतो. महाडला तळ्याच्या पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाने बुद्धाची कथा पाण्यापासून सुरू करावी, यात आम्हांला एक खोल सुसंगती दिसते.

याचा अर्थ बाबासाहेबांनी मनाला गौण मानले असा नाही. बुद्धाच्या शिकवणुकीत मन हे केंद्रस्थानी आहे, हे त्याच ग्रंथात त्यांनी ठळकपणे मांडले आहे. भिक्षूविषयी मात्र त्यांनी प्रस्तावनेत एक रोखठोक प्रश्न विचारला : भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य घडावा यासाठी आहे की समाजाचा सेवक व्हावा यासाठी? ॲपच्या बाबतीतही हा प्रश्न लागू पडतो. मन शांत झाल्यावर त्या शांतीने काय करायचे?

५

आता त्या आवाजाच्या प्रवासाकडे वळू. मठाबाहेरच्या सामान्य माणसाने रोज ध्यानाला बसावे, ही कल्पना आज प्राचीन वाटते. तिचा आजचा जोर मात्र अर्वाचीन आहे, आणि त्याच्या मुळाशी एक राजकीय आपत्ती आहे. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडालेचे राज्य घेतले, आणि १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला कोकणात, रत्नागिरीला, आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. राजा हा बौद्ध धर्माचा आश्रयदाता. तोच गेल्यावर धर्म टिकणार कसा, ही चिंता ब्रह्मदेशात पसरली. त्या काळात लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्षूंनी उत्तर दिले की धर्म आता सामान्य गृहस्थांनी सांभाळायचा. त्यांनी गृहस्थांना ग्रंथ शिकवले आणि ध्यानही शिकवले. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीही काळजी होतीच; पण ती कोणा एकाच्या झोपेची काळजी नव्हती, आणि तिचे उत्तरही साऱ्यांनी मिळून शोधले होते.

लेडी सयाडोंच्या परंपरेत सया थेटजी हे शेतकरी आचार्य झाले, आणि त्यांच्याकडून ऊ बा खिन यांनी ही विद्या घेतली. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांचा जन्म थिबाच्याच मंडालेतला. व्यापारात असताना तीव्र डोकेदुखीने ते हैराण झाले होते. १९५५ मध्ये ते पहिल्या शिबिराला बसले, १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले, आणि १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला त्यांचे केंद्र सुरू झाले. राजा कोकणात आला तो बंदिवान म्हणून. त्याच्या पदच्युतीने ज्या विद्येला जोर चढला ती जवळजवळ शतकाने सह्याद्रीच्या माथ्यावर आली ती गुरू म्हणून. इतिहासाला असे वळसे आवडतात.

गोयंकांच्या बोधगयेतल्या आरंभीच्या शिबिरांना बसलेल्या काही तरुणांनी हे ध्यान अमेरिकेत नेले. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी, एक वर्ग सुरू केला. झेन, विपश्यना आणि योग यांतून त्यांनी साधना घेतली आणि धार्मिक चौकट काढून ठेवली. वर्ग मात्र ठेवला : आठवड्यातून एकदा रुग्णांनी एकत्र जमायचे, गुरूसमोर बसायचे, अनुभव बोलायचा.

ॲपने हा वर्गही काढून टाकला. गांधारपाल्यापासून हिशेब मांडला तर एकेक टप्प्यावर काय सुटत गेले ते स्पष्ट दिसते : आधी शब्दातली आठवण, मग संघ, मग नीती आणि कारणांची चौकशी, आणि शेवटी समोर बसलेला माणूस. उरला तो आवाज आणि श्वास.

६

उरलेले निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ध्यान-ॲपवर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित आढावे साधारणपणे असे सांगतात की चिंतेची लक्षणे त्यांनी काही प्रमाणात कमी होतात. परिणाम लहान असतो, पण तो असतो. रात्री दोन वाजता झोप उडालेल्या मुलीला ना संघ उपलब्ध असतो, ना बैठक, ना डॉक्टर. उशाशी असतो तो फोनच. जिला घरात 'मला भीती वाटते' असे म्हणायची सोय नाही, तिच्यासाठी कानातला परका आवाज हाच कधी कधी पहिला आधार होतो. समूह सर्वांनाच सारखा सामावून घेत नाही, हे चवदार तळ्याने आपल्याला शिकवलेच आहे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. मनःस्वास्थ्याच्या ॲप्सच्या वापराची एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार ॲप उतरवून घेणाऱ्यांपैकी ३० दिवसांनंतरही ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.३ टक्के होते. याउलट २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी काहींना एसिटॅलोप्राम हे रूढ औषध दिले आणि काहींना कबाट-झिन पद्धतीच्या आठ आठवड्यांच्या वर्गाला बसवले. वर्गाचा परिणाम औषधापेक्षा कमी ठरला नाही. दोन अभ्यासांची थेट तुलना करणे योग्य नव्हे. तरीही वर्गाला जावे लागते, तिथे कोणीतरी वाट पाहत असते, आणि ॲपला आपण उघडले नाही याचे वाईट वाटत नाही, ते फक्त सूचना पाठवते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते, कारण हे वाचणाऱ्यांत विद्यार्थी आहेत. काळजीने आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते काम ॲपचे नाही, आणि श्लोकांचेही नाही. विपश्यनेची केंद्रेही गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिराला बसण्यापासून परावृत्त करतात. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, आणि मराठीतही, माणसाशी बोलता येते. फोन तोच, पलीकडे ध्वनिमुद्रणाच्या जागी ऐकणारे माणूस असते.

७

शेवटी नदीपाशी यावे लागते, कारण या खोऱ्यातल्या काळजीला तिथी आहेत. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली असतानाच तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्या वेळी महाडची वीज गेली होती आणि मोबाइलचा संपर्क तुटला होता.

अशा जागी जुलैतल्या रात्री सरींचा जोर वाढला की डोंगरउतारावरच्या वाडीतली म्हातारी उठून बसते. तिच्या छातीतल्या धडधडीला ॲपच्या भाषेत 'भूतकाळात अडकलेले मन' म्हणता येईल. वर्तमान क्षणात ये, असा सल्ला तिला देता येईल. पण तिचा वर्तमान क्षण म्हणजे कौलांवरचा पाऊस आणि मागचा डोंगर आहे, आणि त्या आवाजाचा अर्थ तिला कळतो तो आठवणीमुळेच. नागसेनाचा खजिनदार तिला सांगतो आहे : इतक्या पावसात मागे असे झाले होते. तिचे उठून बसणे हे द्वारपालाचे उठून बसणे आहे. तिची आठवण पुसली गेली, तर वाडीचा पहारा उठेल.

त्याच वेळी हेही खरे, की ती दर रात्री उठून बसू लागली, पाऊस नसतानाही उठू लागली, नातवाला शाळेत पाठवायला धजेना, तर ती आठवण आता तिची चाकरी करीत नाही; ती आठवणीची चाकरी करते आहे. तिथे श्वास हवा, सोबत हवी, कदाचित औषधही हवे. कोणता ताप कोणता, हे वेगळे मोजण्याची दासबोधाची सवय येथे कामी येते. मनाचा ताप मनाच्या उपायांनी निवावा. डोंगराच्या भेगेचा ताप मात्र भूवैज्ञानिकाच्या पाहणीने, पर्जन्यमापकाने, वेळेवरच्या स्थलांतराने आणि सुरक्षित जागी बांधलेल्या घरांनीच निवेल. ही दुसरी कामे न करता लोकांच्या हाती केवळ ध्यानाचे ॲप देणे म्हणजे तळे बंद ठेवून तहानेवर ताबा मिळवायला शिकवणे होय.

गेल्या काही वर्षांत या भागातल्या पावसाळी रात्रींत फोन दुसरेही एक काम करू लागला आहे. नदीची पातळी, घाटातला पाऊस, बंद पडलेला रस्ता यांचे संदेश गावच्या आणि मुंबईकरांच्या गटांवर फिरत राहतात. कोणी विचारतो, 'काकी वरच्या घरातून खाली आल्या का?' आणि कोणी उत्तर देतो, 'आणल्या, शाळेत आहेत.' ध्यान-ॲप सुरू करताना सर्व सूचना बंद करा असे सांगितले जाते. या खोऱ्यातल्या माणसाला जुलैत ते परवडत नाही. त्याला लक्ष एकाग्र करायचे आहे ते याच सूचनांवर, घाबरून न जाता. हीच आमच्या मते येथली सम्यक् स्मृती : आठवण जागी ठेवून, हात न कापता, शेजारच्या दाराची कडी वाजवणे.

काळजी 'करणे' आणि काळजी 'घेणे' यांसाठी मराठीने एकच शब्द का ठेवला, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर व्युत्पत्तिकोशात शोधण्याची आम्हांला घाई नाही. सावित्रीच्या काठी ते व्यवहारात दिसते. पहिलीतून दुसरी निपजते. निपजू दिली पाहिजे. जे साधन या संक्रमणाला मदत करील, मग ते श्लोक असोत, शिबिर असो वा फोनमधला आवाज, ते उपयोगाचे. जे साधन पहिली काळजी मिटवताना दुसरीचेही बी जाळून टाकील, त्याने आलेल्या शांतीविषयी मात्र आपण साशंक असावे.